चौदा नंबरची चावी

दर्शनाला घरून काम करण्यातून मिळणार होते रोजचे साडेतीन तास. कळंबहून नेरळपर्यंत टमटम, नेरळहून कर्जत, कर्जतच्या फलाटावर खोपोलीच्या गाडीची वाट, आणि खोपोलीहून आमच्या खोक्यांच्या कारखान्यापर्यंत रिक्षा. एका बाजूचे पावणेदोन तास, जाऊन-येऊन साडेतीन. दिवाळीनंतर तिच्या सासूला, गोदूबाईंना, अर्धांगवायू झाला. दुपारी भरवायला आणि कूस बदलायला घरात माणूस हवं. कामाला लावलेली बाई तीन आठवड्यांत पळाली. नवरा रुपेश रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात, त्याला दुपारी मान वर करायला फुरसत नसते. घरून काम करता आलं तर नोकरी राहणार होती, नाहीतर जाणार होती.

आमचे मालक जगदीश साहेब काही धर्मादाय खातं चालवत नाहीत. गाड्यांची बिलं दर्शनाएवढी बिनचूक कोणी करत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "जानेवारीभर बघू. बिलासाठी एक जरी गाडी गेटवर अडकली, तर एक फेब्रुवारीला तू टेबलावर."

मी इथे स्टोअर सांभाळतो. बावीस वर्षं झाली. कोणाला काय मिळतं आणि कोणाचं काय जातं हे बघत बसायला स्टोअरच्या खिडकीइतकी चांगली जागा नाही.

खोपोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या अकरमने सगळी जोडणी करून दिली. दर्शनाच्या घरी लॅपटॉप, त्यावर ऑफिसातल्या तिच्याच कॉम्प्युटरचा स्क्रीन. ती कळंबला बटण दाबणार, काम इथल्या टेबलावर होणार. ती तिकडून आत शिरली की इथला स्क्रीन आपोआप कुलूपबंद होतो. आम्हाला दिसतो फक्त निळा पडदा आणि त्यावर तिचं नाव.

"ताई, पासवर्ड दिल्याशिवाय बाहेरून आत येता येत नाही," अकरम तिला म्हणाला. "हे कुलूपच समजा."

कुलूप म्हटलं की आमच्याकडे एक नियम लागतो. काही वर्षांपूर्वी केबिनची चावी हरवली आणि दार फोडावं लागलं. तेव्हापासून कारखान्यातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी चावी कोंडीरामच्या बोर्डावर टांगायची. कोंडीराम आमचा शिपाई, कडावचा, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. चावी काढली की रजिस्टरात खिळ्याचा नंबर, वेळ आणि सही. संध्याकाळी पानाखाली माझी सही. दर्शना नियमाची पक्की. तिने पासवर्ड पुठ्ठ्यावर लिहिला, भोक पाडलं, दोरा ओवला आणि चौदा नंबरच्या खिळ्याला अडकवून कोंडीरामच्या ताब्यात दिला. पासवर्ड म्हणजे रुपेशच्या मोटरसायकलचा नंबर होता. गेटवर गाड्यांचे नंबर टिपून कोंडीरामला तेवढी इंग्रजी अक्षरं येतात.

पहिला आठवडा सुरळीत गेला. दुसऱ्या सोमवारी अकराच्या सुमारास कनेक्शन तुटलं. तिने पुन्हा जोडलं. दोन मिनिटांत पुन्हा तुटलं. चार वाजता तसंच. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच.

आधी बिचाऱ्या राउटरवर आळ आला. रुपेशने तो माळ्यावर नेऊन बांधला. मग केबलवर आळ आला, अकरमने येऊन ती बदलली. कॉम्प्युटर मध्येच झोपी जात असेल म्हणून ती सेटिंगही त्याने काढून टाकली. गुरुवारी अकराला पुन्हा तेच.

अकरमने फोन केला. "ताई, तुटताना स्क्रीनवर काही लिहून येतं का?"

"येतं काहीतरी. मी ओके दाबते."

"वाचत नाही?"

"गेटवर गाडी उभी असते रे बाबा! वाचत कुठं बसू?"

"उद्या ओके दाबायच्या आधी फोटो काढा."

शुक्रवारी फोटो आला. त्यात सरळ लिहिलं होतं, की याच कॉम्प्युटरवर दुसरं कोणीतरी शिरलं म्हणून तुमचं कनेक्शन तोडलं आहे. अकरम म्हणाला, "ना नेटचा दोष, ना मशीनचा. तुमच्या खुर्चीत बसून कोणीतरी तुमचाच पासवर्ड टाकतंय."

त्या दिवसापासून दर्शना दोन कामं करायला लागली. बिलं आणि संशय. संशयाचं काम तिने बिलांइतक्याच नीटपणे केलं. संध्याकाळी मला फोन आला.

"काका, माझी खुर्ची रिकामी असल्याचा फायदा कोणाला?"

"खुर्चीला," मी म्हणालो. "तिला आराम."

"चेष्टा नको. माझं खिडकीजवळचं टेबल कोणाला हवं होतं? हर्षलाला. मी परत आले की तिची खिडकी गेली म्हणून मला परत येऊ द्यायचं नाही, आणि घरून काम जमत नाही म्हणून नोकरीही सोडायला लावायची. दोन्हीकडून तिचाच फायदा."

"आणि अकरम?"

"त्याला प्रत्येक फेरीचे पैसे मिळतात. दहा दिवसांत चार फेऱ्या झाल्या. आणि पासवर्ड त्याच्यासमोरच टाकला होता मी."

यादी मला पटली, हे कबूल करतो. हर्षला हिशेब विभागात बसते, जीभ तिखट. दर्शना घरी बसायला लागल्यावर ती म्हणाली होती, "आम्हाला पण लकवा झालेली सासू मिळाली तर बरं होईल, आम्ही पण घरून काम करू." अशा बाईवर संशय घ्यायला फार पुरावा लागत नाही. मी तिच्यावर नजर ठेवली. पण अकराच्या आणि चारच्या चहाला ती सगळ्यांबरोबर कँटीनमध्ये असायची. मग मला वाटलं, बाई किती हुशार! चहा पिता पिता हे कसं करते?

दर्शनाने पासवर्ड बदलला. अकरमला कळवला नाही, मला सांगितला नाही. नियम मात्र पाळला. कोंडीरामला फोन केला, आणि तो फोन स्पीकरवर लावूनच बोलतो.

"मामा, चौदा नंबरचा पुठ्ठा फाडून टाका. नवीन नंबर लिहून घ्या."

"सांग पोरी."

तिने एकेक अक्षर सांगितलं, त्याने एकेक अक्षर मोठ्याने म्हणून पाहिलं.

"आणि मामा, कोणाला सांगू नका हं. हर्षलाला नाही, अकरमला नाही, काकांना पण नाही."

"मेलो तरी नाय सांगनार," कोंडीराम म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून पुठ्ठा लिहायला बसला. मी तिथेच उभा होतो, मला राग आला. पण हर्षलावर आणि अकरमवर आमची सगळ्यांची नजर असताना त्या बोर्डाकडे मात्र कोणी बघितलं नाही. बोर्डाची शंका घेणं म्हणजे भिंतीची शंका घेणं.

सोमवारी अकरा वाजता कनेक्शन तुटलं.

आता दर्शनाच्या हिशेबात एकच नाव उरलं. नवीन पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, तरी कोणीतरी आत शिरतं. म्हणजे ज्याला पासवर्डाची गरजच नाही असा माणूस. म्हणजे अकरम. त्याच दिवशी भिवंडीच्या गाडीचं बिल ती भरत होती. आकडा अर्धा टाकला होता, कनेक्शन तुटलं आणि परत जोडेपर्यंत बिल अर्ध्या आकड्यासह निघूनही गेलं होतं. कोणीतरी इथे एंटर दाबला होता. गाडी अर्ध्या वाटेवरून परत बोलवावी लागली. साहेबांचा आवाज स्टोअरपर्यंत आला.

दर्शनाने साहेबांना सगळं सांगितलं, नावांसकट. साहेबांनी अकरमला बोलावलं. मी दारात होतो.

"मी करतोय असं ताई म्हणतात?" अकरमने विचारलं.

"ती म्हणते तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही."

"साहेब, मीच तर त्यांना सांगितलं, की कोणीतरी खुर्चीत बसतंय. मी चोर असतो तर राउटरलाच शिव्या घालत बसलो असतो ना! तेवढ्यात माझ्या अजून आठ फेऱ्या झाल्या असत्या."

हे बोलणं मला बिनतोड वाटलं. साहेबांना आगाऊपणाचं वाटलं. अकरमचं कारखान्यातलं काम गेलं. कर्जतहून दुसरा माणूस आला, त्याने वर्षाचा करार केला आणि पहिल्याच दिवशी राउटर बदला म्हणाला.

हर्षलाला साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, तू दर्शनाच्या टेबलावर बसतेस का. तिने डबा उचलला आणि पॅकिंगच्या बायकांत जाऊन जेवली. तिखट जिभेची बाई गप्प झाली की मला काळजी वाटते. तरीही मी मनात म्हटलं, नाटक करतेय.

अठ्ठावीस जानेवारीला सकाळी दर्शना स्वतः हजर. शेजारणीला गोदूबाईंपाशी बसवून, पहाटे निघून, मागच्या गेटने थेट माझ्या स्टोअरमध्ये. बगलेत लॅपटॉप.

"काका, मी आलेय हे कोणाला कळता कामा नये. आज रंगेहाथ धरायचं."

पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे स्टूल दिलं. तिथून तिचं टेबल पंधरा पावलांवर, पण मध्ये भिंत. ती कळंबला असल्यासारखी आपल्याच टेबलात शिरली आणि बिलं करायला लागली. अकराला दहा कमी असताना घंटा झाली. सगळे चहाला गेले. हर्षला गेली, ते मी खिडकीतून मोजून पाहिलं. स्क्रीन काळा झाला आणि तीच ओळ आली, दुसरं कोणीतरी शिरलं आहे.

"चला," ती म्हणाली आणि पळाली. मी मागोमाग.

तिच्या खुर्चीत कोंडीराम बसला होता. चष्मा नाकावर, पाठ ताठ, उजव्या हाताचं एक बोट वर उचललेलं. डावीकडे चौदा नंबरचा पुठ्ठा, उजवीकडे उघडं रजिस्टर. समोर स्क्रीन लख्ख.

"मामा!"

कोंडीराम दचकला. मग हसला. "अगं, तू हितं कशी? घरनं काम करतीस ना?"

"तुम्ही काय करताय हे?"

"तुजीच लाईट लावतोय गं. पयल्या आठवड्याच्या शनवारी साहेब फेरीला आलं. ह्यो निळा पडदा बघून म्हनलं, ही बाई काम करते की झोपते? रोज कुलूपच दिसतंय. मला लई लागलं ते. माज्या पेन्शनचा फार्म तू तीनदा भरलास. म्हनलं, साहेबांची फेरी यायच्या आत पोरीचा पडदा उघडा पायजे. म्हंजी त्यांना वाटंल, काम चालू हाय."

"पण तो उघडला की मी बाहेर फेकली जाते, मामा!"

"आन् मी उघडून वळलो की कोनतरी लगेच बंद करतंय. रोज! मी परत उघडतो, परत बंद. चार-चार डाव. मला वाटलं ती हर्षलाच करतीया." त्याने आवाज खाली आणला. "मी पाळत ठेवली हुती तिच्यावर. घावली नाय. लई पोचलेली हाय."

बंद करणारी दर्शनाच होती. ती आत शिरली की पडदा बंद, कोंडीरामने उघडला की ती बाहेर. दोन आठवडे दोघं एकमेकांशी झोंबत होते, तिच्याच नोकरीसाठी.

"आणि एंटर? भिवंडीच्या बिलाचा?" मी विचारलं.

"पडदा जागा व्हावा म्हनून दाबला. नव्हता दाबायचा?"

मी रजिस्टर उचललं. १२ जानेवारी, खिळा १४, सकाळी १०.५५, को. १०.५८, को. ११.०१, को. दुपारी ३.५०, को. रोज अशाच ओळी, एकही चुकवलेली नाही. त्याने काही लपवलं नव्हतं. भिवंडीच्या गाडीचा दिवसही होता, ११.०२. आणि प्रत्येक पानाखाली माझी सही, तारखेसकट. मी दर्शनाला ओके दाबण्यावरून मनात हसलो होतो.

साहेब फेरीला आले तेव्हा आम्ही तिघं तसेच होतो. त्यांनी ऐकून घेतलं. आपल्याच बोलण्यातून हे उगवलं हे त्यांना कळलं असावं, कारण ते कोणावर ओरडले नाहीत. म्हणाले, "बाहेरून काम करताना स्क्रीन बंद दिसतो, हे मला कोणी सांगितलं का नाही?" अकरमने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. साहेब तेव्हा फोनवर होते.

मग हिशेब मिटला तो असा. दर्शनाला साडेतीन तास मिळाले, कायमचे. पासवर्ड आता तिच्या डोक्यात राहतो. शेजारणीला बसवून ती आठवड्यातून एकदा, बुधवारी, ऑफिसला येते, तेव्हा हर्षला पॅकिंगमध्ये जेवते. दर्शनाने माफी मागितली तर म्हणाली, "माफी सगळ्यांसमोर माग, विचारलं सगळ्यांसमोर होतं." दर्शनाने अजून मागितलेली नाही. खिडकीचं टेबल आठवड्यातले पाच दिवस रिकामं असतं, पण हर्षला तिथे बसत नाही. अकरमचं काम गेलं ते गेलं, कर्जतवाल्याचा करार वर्षाचा आहे. दर्शना त्याच्या दुकानात गेली होती. त्याने चहा पाजला, आणि तिचा लॅपटॉप काही हातात घेतला नाही.

कोंडीरामकडून चाव्या काढून घेतल्या. बोर्ड आता स्टोअरमध्ये आहे, रजिस्टरही माझ्याचकडे. तो गेटवर बसतो, गाड्यांचे नंबर टिपतो. दर्शना दिसली की उभा राहतो आणि तिला म्हणतो, "मॅडम."

साहेबांचं भिवंडीचं एक भाडं गेलं. माझं काहीच गेलं नाही.