सोळा जीबी पुरत होती

निकेतचा नेम चुकायला लागला तेव्हा त्याने दोष कॉम्प्युटरला दिला, आणि त्याच्या बहिणीला तो पटलाही. तळा गावच्या बाजारात या बहिणीचं, रुचिताचं, झेरॉक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आठ जीबीच्या रॅमवर गेमही चालवायचा आणि सोबत्यांशी बोलायचंही, म्हणजे मशीन अडखळणारच.

निकेतला स्नायूंचा आजार होता. चौदाव्या वर्षी चालणं सुटलं. आता बाविसावं चालू होतं. हातही जातील, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, पण घरात ते कुणी तोंडातून काढत नसे. चौलचा विनेश, पालीची राही आणि आणखी दोघं अशी त्याची टीम होती. गोळीबाराच्या त्या गेममध्ये निकेत त्यांचा नेमबाज. प्रत्यक्ष भेट कधीच झाली नव्हती. आपला नेमबाज चाकाच्या खुर्चीत बसतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि निकेतला ते कळू द्यायचं नव्हतं.

रुचिताने आठची आणखी एक रॅम बसवली. मशीन सरळ धावायला लागलं. पंधरा दिवस बरे गेले, मग नेम पुन्हा हुकू लागला.

"बत्तीस लागंल," निकेत म्हणाला.

तो खेळत असताना रुचिताने बाजूच्या स्क्रीनवर रॅमचा आकडा लावून ठेवला. सोळापैकी अकराच्या वर तो गेला नाही. मग तिने निकेतच्या हाताकडे पाहिलं. समोर शत्रू आला होता, निकेतला तो दिसलाही होता. माऊसवरचं बोट दाबायला निघालं, पण ते दाबलं जाईपर्यंत पडद्यावरचा निकेत मरून पडला होता.

दुसऱ्या दिवशी ती माणगावला गेली. दुकानदाराने गेमचं नाव विचारलं आणि सांगितलं, याला सोळा भरपूर झाली, बत्तीसने काडीचा फरक पडणार नाही. माहीत आहे, असं म्हणून तिने बत्तीस घेतली आणि घरी येऊन बसवली.

टीमने एका ऑनलाइन स्पर्धेत नाव दिलं होतं; रविवारी तिचा पहिलाच सामना होता. टीम हरली, आणि हरली ती निकेतमुळे. विनेशने रागावून नाही, काळजीनेच विचारलं, बरं नाही का तुला? निकेतने माईक बंद केला.

"ताई, खरं सांग. सोळा पुरत होती ना?"

"व्हय."

"मग ही कशाला आणलीस?"

रुचिताने बाजूच्या स्क्रीनवरचा रॅमचा आकडा बंद केला. निकेतने पुन्हा माईक लावला आणि मुंबईला नोकरी लागली, आता खेळायला जमणार नाही, असं सांगितलं. सगळ्यांनी मनापासून अभिनंदन केलं. राही म्हणाली, पहिल्या पगाराची पार्टी पाहिजे. तो हो म्हणाला, आणि हसलासुद्धा.

त्याच्या जागी हेमाली नावाची मुलगी आली. काही महिने निकेत त्यांचे सामने नुसते बघत असे. हेमाली चांगली खेळते, असं तो रुचिताला सांगायचा. पुढे माऊस हलवणंही जमेना, तेव्हा रुचिता त्याला सामना लावून देई. एका रविवारी ती लावायला गेली तर त्याने मान भिंतीकडे वळवली.

"नको लावू," तो म्हणाला.

तिने पुन्हा कधी विचारलं नाही.