सहावी खिडकी

वृत्तवाहिनीत तिचं काम खिडक्या भरायचं. संध्याकाळच्या चर्चेत पडद्यावर सहा खिडक्या दिसत आणि प्रत्येकीत एक तोंड. तीन या बाजूची, तीन त्या बाजूची. दुपारभर फोन करकरून ती ही तोंडं गोळा करायची. कोण किती जाणकार, याला फारसं महत्त्व नव्हतं. कोण ऐनवेळी दगा देत नाही आणि कोण चटकन पेटतो, ते पाहायचं.

त्या दिवशी विषय होता, शहराचा पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे द्यावा की नाही. विरोधातल्या एका पुढाऱ्याने तासभर आधी अंग काढून घेतलं. पाच खिडक्या भरल्या होत्या, सहावी रिकामी. निर्माता डोक्यावर येऊन उभा राहिला, आणि तिला मामा आठवला.

मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. उभा जन्म पाणीखात्यात काढून निवृत्त झालेला. घरात कुणाचं काही अडलं की मामाला बोलावणं जायचं. तो यायचा, सगळं ऐकून घ्यायचा, पाच-सहा प्रश्न विचारायचा आणि "उद्या सांगतो" म्हणून चपला घालायचा. वडील चिडवायचे, "तुझ्या मामाला चहा घेणार का विचारावं, तर उत्तर येईपर्यंत चहा गार." पण चांगली नोकरी सोडून दुसरी धरायचं मनात आलं, तेव्हा त्यांनीही विचारलं ते त्यालाच.

"मामा, कंपनीच्या बाजूने बोलशील की विरोधात?" तिने फोनवर विचारलं.

"असं कसं सांगू? गळती थांबवायला कंपनी बरी पडेल. पण दर ठरवणं त्यांच्या हाती देणं धोक्याचं वाटतं. थोडं हे, थोडं ते."

"तशी खिडकी नाही रे आमच्याकडे. विरोधात बसवते तुला."

"बसव बाई. बसायचंच आहे ना, उठून मारामारी तर नाही करायची?"

चर्चेत समोरच्या बाजूच्या वकीलबाईंनी गरीब वस्त्यांचा मुद्दा काढला. तिथे आज सरकारी नळ असूनही पाणी नाही, मग बदलाला घाबरायचं कशाला, असा. मामाने चष्मा वर सरकवला. "बाईंचं हे म्हणणं मला पटतंय. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं," असं म्हणून तो थांबला. सगळेच थांबले. आतल्या नियंत्रण-खोलीत दोघा तंत्रज्ञांनी एकदम विचारलं, "आवाज गेला का?" वकीलबाई तर अशा गोंधळल्या की त्यांना पुढचं वाक्य सुचेना. निवेदकाने घाईघाईने जाहिराती घेतल्या.

"तुझे मामा देवमाणूस आहेत," निर्माता तिला नंतर म्हणाला. "पुन्हा आणू नकोस."

तिला ते लागलं. मामालाही लागलं असावं, कारण दोन दिवसांनी तो स्वतःच ओशाळून म्हणाला, "शेजारचे विचारतात, काय, हरलात म्हणे? ठमे, फार वाईट झालं का गं?"

मग तिने त्याला शिकवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती वकीलबाई व्हायची आणि मामा मामा. "पटतं असं म्हणायचंच नाही. थांबायचं नाही, थांबलास की दुसरा घुसतो. उत्तर येत नसेल तर त्यालाच विचार, हो की नाही तेवढं सांगा." मामा बोट उगारायचा, ते त्याच्याच चष्म्याला लागायचं, आणि दोघं पोट धरून हसायची. आई आतून ओरडायची, "अरे, हळू." तेव्हा तो नुसता खेळ होता.

पण मामा हुशार. खेळ त्याच्या अंगवळणी पडला. पुन्हा एकदा ऐनवेळी खिडकी रिकामी राहिली, तेव्हा निर्मात्याने नाइलाजाने त्याला बसवू दिलं. त्या खेपेला त्याने एका प्राध्यापकाला बोलूच दिलं नाही, आणि पुढे निर्माता आपणहून त्याचं नाव घेऊ लागला. पाण्यावरून तो शाळांवर गेला, शाळांवरून परराष्ट्र धोरणावर. रस्त्यात लोक थांबवून म्हणत, "काल काय धुतलंत हो त्यांना." आयुष्यभर ज्याच्याकडे कुणी दोनदा वळून पाहिलं नाही, त्याने या सुखाला नको म्हणावं तरी कसं?

त्याच सुमारास आईची पाठ धरली. एक डॉक्टर म्हणाले, मणक्याचं ऑपरेशन करा. दुसरे म्हणाले, त्यात पायातली ताकद जाऊ शकते, व्यायाम करा, सोसा. वडिलांचा कल ऑपरेशनकडे होता. आई म्हणाली, "त्याला येऊ दे. त्याच्याशी बोलते, मग ठरवू."

मामा आला. आईने सांगायला सुरुवात केली, कधी दुखतं, बसल्यावर कसं होतं.

"ऑपरेशन? मुळीच नाही," मामा म्हणाला.

"अरे, तिचं ऐकून तर घे," वडील म्हणाले.

"भाऊजी, विषय भरकटवू नका. पाय गेला तर जबाबदारी कोणाची? तुम्ही घेणार? हो की नाही तेवढं सांगा."

"रात्र रात्र ती झोपत नाही, ते तुला…"

"मला बोलू द्या. मी तुम्हाला मध्ये टोकलं नव्हतं."

"इथे कॅमेरा नाहीये रे बाबा," वडिलांचाही आवाज चढला.

एकेक वाक्य तिच्या ओळखीचं होतं. आई कमरेवर हात ठेवून आळीपाळीने दोघांकडे पाहत होती. तिचं सांगणं अर्ध्यावरच राहिलं होतं.

"मामा, विचार कर ना जरा. उद्या सांग," ती म्हणाली.

"यात उद्या काय सांगायचंय?" मामाने विचारलं. रागाने नाही, त्याला खरंच नवल वाटलं होतं. तेवढ्यात खाली वाहिनीची गाडी आली आणि तो गेला.

"आता मी हो म्हटलं तर तो हरला," आई म्हणाली, "आणि नाही म्हटलं तर तुझे बाबा. माझी पाठ राहिली बाजूलाच."

तिने मामाला चर्चेला बोलावणं बंद केलं. पण तोवर त्याला दुसऱ्या एका वाहिनीने उचललं होतं. आठवडाभराने आईने दुखणं असह्य होऊन ऑपरेशनला होकार दिला. मामाने फोनवर आईला विचारलं, "म्हणजे भाऊजींचं ऐकलंस?" आणि फोन ठेवला.

ऑपरेशन करणारे डॉक्टर भले होते. त्यांनी चित्र काढून सगळं समजावलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काही शंका?"

आईने तिच्याकडे पाहिलं. वडीलही पाहू लागले. तिच्याकडे विचारण्यासारखं पुष्कळ होतं. पण ओठांशी येत होतं ते सगळं आरोपासारखं. तुम्ही खात्री देता का, हो की नाही. पाय गेला तर कोण जबाबदार. साधा प्रश्न कुठून सुरू करतात, तेच तिला सुचेना. डॉक्टर थांबले होते. त्यांना घाई नव्हती.

"नाही डॉक्टर," शेवटी आईच म्हणाली. "काही नाही. तारीख द्या."