खडूच्या खुणा

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी शाळेचे गणवेश बेतते. चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस अशी मापं ठरलेली, आणि अकरा वर्षांत त्या मापात बरोब्बर बसणारं एकही पोर मी पाहिलेलं नाही. कुणाचे खांदे उतरते, कुणाचे हात लांब. म्हणून आम्ही शिवणीत चार बोटं कापड जास्त ठेवतो, पुढे उसवून वाढवता येतं.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला आम्ही टकळी म्हणतो, कारण लहानपणी तिच्या तोंडाची टकळी एकदा सुरू झाली की थांबत नसे. हे असं का, ते तसं का. तिसरीत गेली आणि हळूहळू गप्प झाली. तिची गणितं सगळ्यांच्या आधी व्हायची, मग वर्गाच्या बाई तिला वह्या वाटायला लावायच्या. बाई वाईट नाहीत. पन्नास पोरं सांभाळताना जिला सगळं येतं तिच्याकडे कोण बघणार? ‘तुमच्या मुलीची काही काळजीच नाही,’ असं त्या कौतुकाने सांगायच्या, पण मला काळजी होती. कारण टकळी आता मुद्दाम सावकाश लिहू लागली होती. लवकर झालं की नुसतं बसावं लागतं, असं तिनेच मला सांगितलं.

त्या वर्षी सरकारी शाळांतल्या हुशार मुलांसाठी एक विशेष वर्ग निघाला. आठवड्यातून दोन दुपारी, सगळ्या शाळा मिळून वीस मुलं, परीक्षा घेऊन निवडायची. कारखान्याचे मास्तर म्हणाले, हुशार पोरं आपोआप शिकतात, त्यांना कसला वेगळा वर्ग? मी म्हटलं, मास्तर, उंच पोराचा सदरा अंगावर आपोआप वाढतो का? घरी हे ऐकून टकळीचे बाबा हसले, पण अर्ज त्यांनीच भरला.

टकळीचं नाव यादीत आलं नाही. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, ‘उत्तरे बरोबर, परंतु रीत दाखवलेली नाही.’ रीत नाही म्हणजे माझ्या पोरीने कॉपी केली, असंच मी वाचलं. डोक्यात सणक गेली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, पोरीला हाताला धरून मी त्या विशेष वर्गाच्या बाईंकडे गेले.

खोली लहानशी होती. एक लोखंडी कपाट, टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, तीन खुर्च्या. बाई पिकल्या केसांच्या, शांत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि टकळीची उत्तरपत्रिका समोर ठेवली. प्रत्येक गणिताखाली उत्तर, बाकी जागा स्वच्छ. शेवटचं गणित तर पूर्ण कोरं.

“कॉपी केली असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण ही विचार कसा करते, तेच मला बघायचं होतं.” मग त्यांनी टकळीला विचारलं, रीत का नाही लिहिलीस?

टकळीने आधी माझ्याकडे पाहिलं.

“लिहिली होती. मग पुसली. आई म्हणते, खडूची खूण राहिली की काम कच्चं.”

ते वाक्य माझंच होतं. शाळा सुटली की टकळी कारखान्यात माझ्या टेबलाशी येऊन बसते. तयार सदऱ्यांवरच्या खडूच्या खुणा ब्रशने झाडणं हा तिचा आवडता उद्योग. गिऱ्हाईकाला सदरा दिसावा, आपली आखणी दिसू नये, हा आमच्या धंद्याचा नियम. कॉलरपाशी निळी रेघ राहिली म्हणून किती सदरे मी तिला परत झाडायला लावले असतील. पोरीच्या पायावर धोंडा मीच पाडला होता, आणि भांडायला आले होते दुसऱ्याशी.

मी कागदावरून अंगठा फिरवला. टकळी पेन्सिल दाबून लिहिते, ओरखडे हाताला लागत होते. पिशवीत माझा चपटा निळा खडू असतोच. बाईंना न विचारताच मी तो आडवा धरून कोऱ्या जागेवर अलगद घासला. बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि तशाच थांबल्या. निळ्यात पांढरे आकडे उमटत होते. एका गणितात दोन रीती होत्या, पहिली खोडलेली, दुसरी निम्म्या ओळींची. बाईंनी माझ्या हातातून खडू घेतला आणि पुढची पानं त्या स्वतःच घासू लागल्या.

शेवटचं, कोरं गणित राहिलं होतं. तिथे एक आकृती निघाली, दोनदा खोडलेली. तिच्याखाली टकळीच्या अक्षरात एक ओळ होती.

‘हे मला येत नाही. कुणी शिकवेल का?’

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. एवढी ओळ लिहायला माझ्या पोरीला परीक्षेचा कागदच सापडला होता, आणि तीही तिने नेटकं दिसावं म्हणून पुसून टाकली होती.

बाईंनी चष्मा काढून पुसला. वीस जागा भरल्या आहेत, म्हणाल्या, फेरतपासणीचा अर्ज मी स्वतः लिहिते, हा कागद जोडते, पण शब्द देता येत नाही. मग त्या टकळीकडे वळल्या.

“शिकवेन की,” त्या म्हणाल्या.

टकळीने त्या निळ्या कागदाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“आत्ता?”

बाईंनी तिसरी खुर्ची आपल्याजवळ ओढली आणि टकळीच्या हातात पेन्सिल दिली. मी बाहेर बाकावर जाऊन बसले. आधी नुसता बाईंचाच आवाज येत होता. मग टकळी सुरू झाली, हे असं का, ते तसं का, आणि थांबेचना. माझी अर्ध्या दिवसाची रजा केव्हाच संपली होती.