बोळावरची खोली

नेरूळ गावठाणात पंढरी घरत आणि त्याचा धाकटा भाऊ दिनानाथ यांची घरं समोरासमोर आहेत. मधे एक बोळ आहे. समोरून कुणी आलं तर एकाला अंग चोरून भिंतीला लागावं लागतं. थंडीत दिनानाथने या बोळावर, पहिल्या मजल्याच्या उंचीला, एक खोली बांधली. तिच्या बीमचं एक टोक त्याच्या स्वतःच्या भिंतीवर टेकलं आणि दुसरं पंढरीच्या. दिनानाथच्या मुलाचं, तेजसचं, लग्न वैशाखात ठरलं होतं आणि नवरा-नवरीला घरात जागा नव्हती.

पंढरीने महापालिकेच्या विभाग कार्यालयात तक्रार केली. आपल्या भिंतीवर आपल्याला न विचारता बीम टाकला, एवढंच तिच्यात लिहिलं होतं. तक्रार खरी ठरली तर खोली पाडली जाणार होती. सुनावणीची तारीख मिळाली. तारखेआधी पंढरी आणि त्याची बायको सगुणा इटलीला गेले.

सहल मुलीने, सुचिताने, भांडणाच्या आधीच बुक केली होती. दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर डोंगरांवर वसलेली मध्ययुगातली गावं पाहायची होती. पंढरीला समुद्राचं आकर्षण नव्हतं. त्याच्या बापाची शेती खाडीला लागून होती. पैसे परत मिळणार नाहीत, असं कळल्यावर तो तयार झाला.

पहिल्या गावाखाली बस थांबली. वर बस जात नव्हती. रस्त्याकडेच्या नव्या घरांच्या गच्चीवर लोखंडाच्या सळ्या उभ्या होत्या. पंढरी खिडकीतून त्या बघत राहिला.

"मितेश, यांचा वरचा मजला राहिलाय काय?"

मितेश हा सहलीचा मॅनेजर. घणसोलीचा. "हो काका. पोरगं मोठं झालं की चढवतात. तोवर सळ्या ठेवतात."

"बघ," पंढरी सगुणेला म्हणाला. "आपल्यासारखेच हायेत."

गाव डोंगराच्या टोकावर होतं. समुद्रातून चाचे यायचे म्हणून लोक इतक्या वर येऊन राहिले आणि जागा कमी म्हणून घराला घर लावत गेले, असं मितेशने सांगितलं. बोळ अरुंद होते. पंढरीने दोन्ही हात पसरले. दोन्ही तळवे भिंतींना टेकले.

"हा आपलाच गाव हाय."

"मावऱ्याचा वास नाय," सगुणा म्हणाली. मासळीशिवाय गाव ही कल्पना तिला मान्य नव्हती. तेवढ्यात वरच्या खिडकीतून कुणीतरी मासे तळत असल्याचा वास आला. तिने मान हलवली आणि पुढे चालू लागली.

पुढच्या वळणावर पंढरी थांबला. बोळावर एक खोली होती. समोरासमोरच्या घरांवर टेकलेली. खाली दगडी कमान, वर छोटी खिडकी, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. पंढरी खोलीखाली गेला, वर पाहिलं, मग भिंतीवर बोटांच्या मागच्या बाजूने ठोकलं.

"ही कवाची?"

"सातशे वर्षं तरी झाली असतील, असं म्हणतात."

"आन समोरच्याने तक्रार नाय केली?"

"केली असेल काका. तक्रार करणारा गेला, खोली राहिली."

पंढरीने फोटो काढला. आधी उभा, मग आडवा, मग सगुणेला खोलीखाली उभं करून. दुपारी जेवताना त्याने तो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं : 'दोन भिंतींवर एक खोली. सातशे वर्षं उभी. बांधकाम असावं तर असं. याला म्हणतात गाव.'

संध्याकाळी त्याने स्टेटस कुणी पाहिलं ते पाहिलं. तेजसचं नाव होतं. भावाला त्याने भांडणानंतर ब्लॉक केलं होतं, पण पुतण्याला करायचं राहिलं होतं. पोरगं आपलं स्टेटस बघतं, याचं त्याला बरं वाटलं.

त्यानंतरच्या प्रत्येक गावात पंढरी वर बघत चालला. मितेश चर्चमधली चित्रं दाखवायचा, किल्ल्याचा बुरूज दाखवायचा, खाली दिसणारा निळा समुद्र दाखवायचा. बाकीची मंडळी समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढायची. पंढरी बोळात शिरायचा आणि सापडलेल्या खोलीचा फोटो स्टेटसला टाकायचा. एका गावात त्याला एकीमागे एक अशा लागोपाठ तीन खोल्या सापडल्या. त्या दिवशी तो रात्रीच्या जेवणाला खुशीत होता.

"अवो, खाली बघा," सगुणा म्हणायची. "पायऱ्या खाली हायेत."

चौथ्या गावात तो पायरी चुकून पडला. गुडघा सोलला. तिथल्या एका म्हातारीने बर्फ आणून दिला. तो दगडावर बसला आणि बर्फ लावत वरच्या खोलीकडे बघू लागला. सगुणा शेजारी बसली.

"भावजींनी बांधली का तक्रार," ती म्हणाली, "आन गोऱ्यांनी बांधली का फोटू."

"इथं विचारून बांधली असंल."

"भावजी पन आलेले विचारायला. तुमी टीव्हीवर मॅच बघत होता."

"माझ्याशी काय बोलला तो?"

"बोलले, दादा, बोळावर खोली घेऊ का. तुमी बोललात, हां हां."

पंढरीने बर्फ दुसऱ्या बाजूने लावला. "हां हां म्हंजे हो नाय," तो म्हणाला. त्याने त्या खोलीचाही फोटो काढला.

सुनावणीला पंढरी थोडा लंगडत गेला. सगुणा सोबत होती. दिनानाथ आणि तेजस आधीच बसले होते. तेजसच्या मांडीवर मोठं पाकीट होतं.

अधिकाऱ्याने तक्रार वाचली आणि दिनानाथला विचारलं, काही म्हणायचंय का. दिनानाथने तेजसकडे बघितलं. तेजसने पाकिटातून काकाच्या स्टेटसच्या रंगीत प्रिंट काढल्या आणि टेबलावर पसरल्या. प्रत्येक फोटोखाली पंढरीचं लिखाण होतं.

अधिकाऱ्याने चष्मा लावला. "'बांधकाम असावं तर असं.' हे आपण लिहिलंय?"

"हो."

"'एका भिंतीचा दुसऱ्या भिंतीला आधार. आपल्याकडच्या लोकांनी शिकावं.' हेही?"

"ते इटलीतलं हाय साहेब."

"आपल्याकडच्या लोकांनी म्हणजे कुणी?"

अधिकाऱ्याने एक प्रिंट उचलून नीट पाहिली. तिच्यात कमानीखाली सगुणा उभी होती. त्याने एकदा फोटोकडे आणि एकदा सगुणेकडे बघितलं.

"हे बघा," तो म्हणाला, "बांधकाम परवानगीची नोटीस वेगळी. ती तुमच्या अख्ख्या गावठाणाला आहे, ती चालूच राहील. आज माझ्यासमोर एवढंच आहे, की तुमच्या भिंतीवरच्या बीमला तुमची हरकत आहे की नाही. आहे म्हणालात तर मी तसा आदेश काढतो."

तेजस जमिनीकडे बघत होता. लग्नपत्रिका छापून आल्या होत्या. घरतांच्या रिवाजाप्रमाणे पहिली पत्रिका थोरल्या काकाची असते. ती अजून दिली गेली नव्हती.

"त्याला विचारायला सांगा," पंढरी म्हणाला.

"काय विचारायला?"

"बांधू का, म्हनून."

"खोली बांधून झालीय ना?"

"रंग पन झालाय," दिनानाथ म्हणाला.

"तरी विचार."

दिनानाथ उठला. भावासमोर उभा राहिला. "दादा, बोळावर खोली बांधू का? तेजससाठी?"

पंढरीने टेबलावरचे फोटो एकेक करून बघितले. घाई केली नाही. "हां हां," तो म्हणाला.

सगुणेने घसा खाकरला.

"हां हां म्हणजे काय लिहू?" अधिकाऱ्याने विचारलं.

"हो लिवा."

पंढरीने हरकत मागे घेतल्याची सही केली. बाहेर जिन्यावर तेजसने पिशवीतून पत्रिका काढली आणि वाकून काकाच्या हातात दिली. पंढरीने ती उघडली नाही. तो भावाकडे बघत होता.

"छपराचं पानी कुठं सोडलंस?"

"बोळात."

"म्हंजे माझ्या दारात."

"मंग कुठं सोडू?"

"तिकडे मधोमध मातीचा नळ असतो. दोन्ही भिंतींच्या मधून खाली येतो. कुनाच्याच दारात नाय."

"मातीचा कसा टिकंल?"

"सातशे वर्षं टिकला."

"फोटू हाय काय?"

पंढरीने मोबाईल काढला. दोघे भाऊ जिन्यातच थांबून एका स्क्रीनवर वाकले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना भिंतीला लागून जावं लागत होतं. सगुणा रिक्षा बघायला पुढे गेली.