नऊ वेळा मांडलेला माणूस

"पाव लहान झालेत," दोन्या कूका समोरच्या काचेशी बोलाव्यात तशा पुटपुटल्या. "सिनेटरचा फोटो मोठा झाला आणि पाव लहान झाले. एकाच महिन्यात दोन्ही."

रांगेत त्यांच्या मागे, जवळजवळ त्यांच्या खांद्यावरच उभ्या असलेल्या ओतिलियाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एक तर दोन्या कूकांना तक्रारीवर उत्तर मिळालेलं आवडत नसे, कारण उत्तर मिळालं की तक्रार संपते. दुसरं म्हणजे तो फोटो ओतिलियानेच लावला होता. बेकरीच्या दर्शनी काचेवर, छातीइतक्या उंचीवर: सिनेटर लेलंड हॅस्कर आणि बेकरीचा मालक एलिसेओ बारासा, दोघांच्या हातात मिळून एक पावांचा ट्रे. खाली लिहिलं होतं, 'उद्या सकाळी दहा वाजता. तुमचे सिनेटर, तुमच्या बेकरीत.'

"पावाचा आकार तोच आहे, दोन्या कूका," आतून एलिसेओच्या बायकोचा, निएवेसचा आवाज आला. "तुमची भूक वाढलीय."

"या वयात काहीतरी वाढू दे की."

रांग हसली. ओतिलियाही हसली, पण तिचं लक्ष काखेतल्या कागदांकडे होतं. तिनाहास गावातून सरळ दक्षिणेला चाललं की वीस मिनिटांत देशाच्या सीमेचं लोखंडी कुंपण लागतं, आणि कुंपणाच्या अलीकडे ज्याला ज्याला सरकारी पत्र येतं तो ते घेऊन ओतिलियाकडे येतो. लाँड्रीशेजारच्या दोन खोल्यांत सिनेटरचं स्थानिक कार्यालय होतं. अठरा वर्षांपूर्वी ती तिथे फोन उचलायला लागली. कायदा ती कुठे शिकली नव्हती. लोकांना त्यांची पत्रं वाचून दाखवता दाखवता तिला तो यायला लागला, आणि आता राजधानीतले वकील तिला फोन करून विचारत, "बाई, हे कलम तुमच्याकडे कसं वापरतात?"

पण गावात तिची खरी ओळख एकच होती. एलिसेओला वाचवणारी.

एलिसेओ तरुणपणी कुंपणापलीकडून आला, तेव्हा एका अर्ज भरून देणाऱ्याने त्याचे कागद केले आणि पत्त्याच्या रकान्यात स्वतःच्या दुकानाचा पत्ता घातला. कोर्टाची तारीख त्या दुकानात येऊन पडली. दुकान तोवर बंद झालं होतं. एलिसेओ हजर राहिला नाही, म्हणून हद्दपारीचा हुकूम निघाला, आणि तो हुकूम त्याच्या हातात पडेपर्यंत त्याची बेकरी, बायको आणि लहानगी मुलगी यारेली असं सगळं उभं राहिलं होतं.

त्या वर्षी हॅस्कर पहिल्यांदा निवडून आले. ओतिलियाने त्यांच्यासमोर एलिसेओची फाईल ठेवली. त्यांनी एका माणसापुरतं विधेयक मांडलं: एलिसेओ बारासा याला या देशात कायमचं राहू द्यावं. सिनेटमध्ये असं विधेयक मांडलेलं आहे तोवर त्या माणसाला हात लावायचा नाही, असा अधिकाऱ्यांचा शिरस्ता होता. दरवर्षी नोव्हेंबर संपायच्या आत स्थगितीचं पत्र यायचं, आणखी एक वर्ष. मात्र दर दोन वर्षांनी नवी संसद बसते आणि जुनी लोंबकळलेली विधेयकं आपोआप मरतात. मग हॅस्कर ते पुन्हा मांडत.

हे मांडणं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतं, आणि तिनाहासमध्ये त्याच आठवड्यात तीन राजांचा, येशूबाळाला भेटायला आलेल्या राजांचा, सण. त्यामुळे गावाने दोन्ही एकत्र केलं होतं. दर दुसऱ्या वर्षी ओतिलिया विधेयकाचा छापील कागद घेऊन बेकरीत येई, एलिसेओ तो साखरेचे हात पुसून कपाळाला लावी, आणि सणाचा मोठा गोल पाव त्या वर्षी दुप्पट मोठा होई. बॅण्डवाले येत. पाद्री आशीर्वाद देई. परगावच्या माणसाला वाटलं असतं, कायदा झाला. गावातल्या कित्येकांनाही तसंच वाटत होतं. ओतिलियाने कुणाचं हसू कधी पुसलं नाही.

आत्ता तिच्या काखेत होते ते प्रचारपत्रकाचे कागद. 'स्थलांतर आणि सीमा: सिनेटर हॅस्कर यांची अठरा वर्षांची कामगिरी.' राज्याच्या उत्तरेकडे वाटायचं पत्रक वेगळं होतं. त्यावर कुंपण होतं, कुंपणासाठी दिलेली मतं होती. दक्षिणेकडचं पत्रक ओतिलियाला स्पॅनिशमध्ये करायचं होतं, आणि त्यात पहिलीच ओळ होती: स्थलांतरित कुटुंबांसाठी नऊ विधेयकं मांडली.

नऊ विधेयकं, आणि नऊही एलिसेओ. हे वाचून सकाळी ती एकटीच हसली होती. एकाच माणसाची नऊ कुटुंबं करणं तिलाही कधी जमलं नव्हतं.

शेवटची ओळ होती सिनेटरांच्या स्वतःच्या सीमा कायद्याची. दोनशे बारा पानं, सोमवारीच सही झालेली. नाक्यावर चाळीस नवे अधिकारी, म्हणजे पलीकडे आईला भेटायला जाणाऱ्यांची चार तासांची रांग दीडवर येणार. गाव खूश होतं. ओतिलियाने खात्री करायला म्हणून, आणि तिला वाचल्याशिवाय राहवत नाही म्हणून, दुपारचं जेवण बाजूला सारून तो कायदा वाचायला घेतला होता. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर तिचं बोट थांबलं.

तिथे चार ओळींचं कलम होतं. एखाद्या व्यक्तीच्या नावाचं विधेयक सिनेटमध्ये प्रलंबित आहे, एवढ्या कारणावरून यापुढे हद्दपारीला स्थगिती देण्यात येऊ नये.

ती ओळ तिने तीन वेळा वाचली. मग मेरेडिथला फोन लावला. मेरेडिथ राजधानीतून प्रचार चालवायची.

"हो, ते कलम," मेरेडिथ म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी खोकी सरकवत होतं. "पळवाट बंद करायची होती. बरेच लोक गैरफायदा घेतात म्हणे."

"बरेच म्हणजे किती? सगळ्या देशात मूठभर असतील. त्यातले एक आमचे एलिसेओ."

"ओतिलिया, ते एलिसेओंच्या विरोधात नाहीये. सगळ्यांसाठी सारखं आहे."

"त्यांचं पत्र तीस नोव्हेंबरला संपतं."

"जानेवारीत आपण विधेयक पुन्हा मांडू ना. सिनेटर मागे हटणार नाहीत."

"मांडून आता काय होणार?"

मेरेडिथला प्रश्न कळला नाही असं नव्हतं. ती ज्या सुरात शाळेच्या मुलांना चिकटपट्टी कुठे आहे ते सांगतात त्या सुरात म्हणाली, "कामगिरीत येईल. दहा होतील."

आता बेकरीत रांग पुढे सरकली आणि ओतिलिया काउंटरपाशी आली. ती सांगायलाच आली होती. लाँड्रीपासून इथपर्यंत तिने वाक्य तयार करून आणलं होतं.

"ये कोमाद्रे," निएवेस म्हणाली. यारेलीच्या बाप्तिस्म्याला ओतिलियाने तिला हातावर धरलं होतं. तेव्हापासून आई आणि धर्ममाता एकमेकींना दुसऱ्या नावाने हाक मारत नव्हत्या. "आत ये, बघ त्याने काय मांडलंय."

आत एलिसेओ टेबलावर वाकला होता. पाटाएवढा पाव, वर भाजलेल्या साखरेत सिनेटरांची टोपी काढलेली.

"कड जरा वाकडी झाली," तो म्हणाला. "पण त्यांची टोपीही वाकडीच असते. कोमाद्रे, एक विचारायचं होतं. यारेलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. पदवीदान मे महिन्यात आहे. पुढच्या पत्राने मेपर्यंतची काळजी मिटते ना?"

"मिटेल," ओतिलिया म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून असा निघाला की जणू तो ओठांवर तयारच उभा होता. निएवेसने पाव उचलायच्या चिमट्यावरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

"पत्रक झालं का?" तिने विचारलं.

"थोडं राहिलंय."

"काय राहिलंय?"

"एक पान," ओतिलिया म्हणाली, आणि न घेतलेल्या पावांचे पैसे द्यायला निघाली, तेव्हा निएवेसने पैसे न घेताच तिच्या हातात पावांची पिशवी कोंबून तिला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना सिनेटर आले. सत्तरीचा उंच माणूस, टोपी खरंच वाकडी. त्यांचा राग यावा असं ओतिलियाने ठरवलं होतं, आणि त्यांनी ते अवघड केलं. दोन्या कूकांच्या गुडघ्याची चौकशी केली. यारेलीला नावाने हाक मारून कॉलेजचं विचारलं. शिंपल्याच्या नक्षीचा पाव घेतला आणि फोटोसाठी नाही, भूक असल्यासारखा खाल्ला. मग त्यांची तीन स्पॅनिश वाक्यं म्हणून झाली आणि त्यांनी नेहमीप्रमाणे ओतिलियाच्या खांद्यावर हात ठेवला. आता ते इंग्रजीत बोलणार आणि ती सांगणार.

हे काम ती अठरा वर्षं करत होती आणि त्यात तिचा हात बसला होता. सिनेटरांचं वाक्य कोरडं असलं की ती त्यात थोडं दूध घाले. ते म्हणत, "मी लक्ष घालीन," ती सांगे, "त्यांनी वचन दिलंय." ते म्हणत, "अवघड आहे," ती सांगे, "वेळ लागेल." दोन्ही बाजू एकमेकांवर खूश राहत.

"माझ्या या मित्रासाठी मी नऊ वेळा उभा राहिलो," सिनेटर म्हणाले. तिने सांगितलं. टाळ्या झाल्या. बॅण्डवाल्यांपैकी जो एक आला होता त्याने ट्रम्पेटवर दोन सूर काढले.

एलिसेओ ॲप्रन नीट करून पुढे झाला. त्याला इंग्रजी येत होतं, पण मोठ्या माणसाशी बोलताना तो आपली भाषाच वापरायचा, चूक होऊ नये म्हणून.

"सिनेटर साहेब, तुमचे उपकार आहेत. फक्त एवढंच, यंदाचं पत्र लवकर आलं तर बरं. माझ्या मुलीचं पदवीदान आहे."

ओतिलियाने ते जसंच्या तसं सांगितलं. सिनेटरांनी मेरेडिथकडे पाहिलं. मेरेडिथ फोनकडे पाहत होती. मग त्यांनी एलिसेओचे दोन्ही हात धरले.

"त्यांना सांग," ते ओतिलियाला म्हणाले, "नव्या कायद्याने काही पद्धती बदलल्यात. पण मी सिनेटमध्ये आहे तोवर एलिसेओचं नाव माझ्या कामगिरीत राहील. हे कुणी पुसू शकणार नाही."

सगळी बेकरी ओतिलियाच्या तोंडाकडे बघत होती. दूध घालायला तिच्याकडे जागा होती. तिला वाक्यही दिसत होतं: काळजी करू नका, ते तुमच्या पाठीशी आहेत.

"ते म्हणतायत," ती म्हणाली, "पत्र येणार नाही. नुसतं विधेयक मांडलंय म्हणून आता कुणाला थांबवून ठेवता येत नाही. तसा कायदा झालाय सोमवारी. तो यांनीच लिहिलाय. एकशे त्रेचाळिसावं पान." तिचा आवाज तिला फार लांबून आल्यासारखा वाटला. "आणि तुझं नाव त्यांच्या पत्रकात राहील, असं म्हणतायत."

ट्रम्पेटवाल्याने वाद्य खाली घेतलं. सिनेटर अजून हसत होते. ते टाळ्यांची वाट बघत होते, आणि त्या का येत नाहीत ते त्यांना हळूहळू कळायला लागलं.

"साहेब तर तीनच वाक्यं बोलले होते," मेरेडिथ पुटपुटली. "इतकं काय सांगत होतात?"

एलिसेओचे हात अजून सिनेटरांच्या हातात होते. ते सोडवून घ्यावेत की राहू द्यावेत, हे त्याला ठरवता येईना. "पण तीस नोव्हेंबर," तो कुणालातरी म्हणाला. "कोमाद्रे, काल तर तू म्हणालीस."

"म्हणाले मी."

"म्हणजे काल तुला ठाऊक होतं."

"काल दुपारपासून."

दोन्या कूकांनी काउंटरला धरून स्वतःला खुर्चीवर टेकवलं. "एखादी चूक असेल," त्या म्हणाल्या. "छापण्यात. दोनशे पानांत एखादी चूक राहतेच. सिनेटर साहेब दुरुस्त करतील, हो की नाही, ओतिलिया? नऊ वेळा केलं, दहाव्यांदा करतील."

कुणीतरी हो म्हणालं. आणखी दोघं हो म्हणाले. त्या होकारावर सगळी बेकरी हळूहळू पाऊल ठेवायला तयार होत होती, हे ओतिलियाला दिसत होतं, आणि तिचाही पाय उचलला गेला होता. "मी पुन्हा विचारते त्यांना," ती म्हणाली.

"नको," निएवेस म्हणाली.

ती काउंटरच्या मागून बाहेर आली. तिने नवऱ्याचे हात सिनेटरांच्या हातातून काढून घेतले, रागाने नाही, भट्टीतून ट्रे काढावा तसे, सांभाळून. सिनेटरांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"अठरा वर्षांत ते विधेयक एकदा तरी पुढच्या टेबलावर गेलं का?" तिने विचारलं. "मी शिकलेली नाही, पण मोजता मला येतं. दर दुसऱ्या जानेवारीला तू कागद घेऊन नाचत यायचीस, आम्हीही नाचायचो. तुझा चेहरा बघून मला वाटायचं, आज नको विचारायला."

"निएवेस, मी प्रयत्न केला."

"मांडायचा केलास. मंजूर करा असं तू त्यांना कधी म्हणालीस, सांग."

ओतिलिया मनात एकेक वर्ष मोजत मागे गेली. तिला अठरा वर्षांतला असा एकही दिवस आठवेना.

"त्यांना ते मंजूर करायचंच नव्हतं," निएवेस म्हणाली. "हा एकदा कायमचा इथला झाला असता, तर त्यांना दर निवडणुकीला या दारात यायचं कारण उरलं नसतं. आणि कोमाद्रे, तुलाही."