उशिराचं पिल्लू

उन्हाळा सरत आला की किनाऱ्यावरच्या त्या अभयारण्यात सुरय पक्ष्यांची निघायची गडबड सुरू होते. पण यंदा निघणार कोण, हाच प्रश्न होता. ऐन अंडी उबवायच्या दिवसांत समुद्र असा काही खवळला की वाळूवरची सगळी वस्ती एका भरतीत धुऊन गेली. बाकीच्या पक्ष्यांनी ती जागा कायमची सोडली; एका जोडीने तेवढा पुन्हा संसार मांडला, आणि त्यातून एकच पिल्लू निघालं. सुरय जिथे जन्मतो तिथेच पुढे अंडी घालायला येतो, म्हणून तिथल्या राखणदार बाईंचा सगळा जीव त्या पिल्लात अडकला होता. ते उडालं तरच या वाळूकडे पुन्हा कुणी वळणार होतं.

वाळूभोवती दोरी बांधून बाई दिवसभर पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी बांधलेल्या लाकडी खोलीच्या फटीला दुर्बीण लावून बसायच्या. मागून लोक त्यांना फौजदारीणबाई म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. एका साहेबांनी भलामोठा कॅमेरा मिरवत "दोनच पावलं आत जातो हो" म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "कॅमेऱ्याला पाय असतील तर त्याला पाठवा. तुम्ही इथेच थांबा."

पिल्लू पंख फडफडवायला लागलं होतं, आज-उद्या उडेल असं वाटत होतं. आणि नेमकं ते दिसेनासं झालं. ते ज्या गवताच्या झुबक्यामागे असायचं तिथे काही हलेना, आई-बापही समुद्रावर गेलेले. संध्याकाळी बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे त्यांचे यजमान न्यायला आले, तेव्हा बाईंचं तोंड एवढंसं झालं होतं.

"अहो, पिल्लू दिसत नाहीये. गेलं की काय, काही कळेना."

"मग जाऊन बघ ना एकदा! नाहीतर रात्रभर कूस बदलत राहशील आणि मलाही झोपू देणार नाहीस. तुला कोण अडवणार आहे इथे?"

खरंच, त्यांना कोण अडवणार होतं? बाईंनी चपला काढल्या, दोरीखालून वाकून आत शिरल्या. पिल्लू तिथेच होतं, वाळूला चिकटून, धडधाकट. बाईंना हसूही आलं आणि रडूही. "लबाड कुठलं! लपून बसलं होतं," असं नवऱ्याला सांगत त्या घरी गेल्या आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या.

सकाळी त्यांनी दुर्बीण लावली. दोरीपासून झुबक्यापर्यंत त्यांच्या अनवाणी पावलांची ओळ ओल्या वाळूत स्वच्छ उठली होती, आणि पावलापावलात कोल्ह्याचा पंजा उमटला होता. माणसाच्या वासाच्या मागावर कोल्हा येतो, हे लोकांना सांगून सांगून त्यांचा घसा बसायचा. काल ते त्यांच्या मनातही आलं नाही. झुबक्याशी थोडी पिसं होती. बाईंना वाटलं, आपले पाय तोडून टाकावेत.

तेवढ्यात मादी आली, चोचीत मासा धरून. उतरली, ओरडली, इकडेतिकडे पाहून उडाली, पुन्हा उतरली. मासा काही सोडेना.

शेजारच्या फटीशी आलेल्या एक आजी हरखून गेल्या. "अगं बाई, भरवायला आलीय वाटतं! पिल्लू दिसेल का हो आम्हाला?"

"नाही दिसणार," बाई म्हणाल्या. "काल मी बघून आले त्याला."