चौथ्या मिनिटातली मान

पहिलं मिनिट.
रेषा सरळ. पडद्यावर आलेख होता: एकतीस नंबरचं डोकं आठ मिनिटांच्या स्कॅनमध्ये किती हललं त्याचा. एकतीस नंबर म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. तीन वर्षं झाली, त्याने तोंडातून ब्र काढला नव्हता. हो म्हणायचं तर मान हलवायचा, तीही फक्त ताईसाठी. घरात त्याचं नावच नंदीबैल.

दुसरं मिनिट.
सरळ. मेंदूतले कुठले भाग एकमेकांशी बोलतात, कुठले अबोला धरून बसतात, याचे नकाशे काढणं हे ताईचं काम. आजाऱ्यांचे आणि धडधाकटांचे, शेजारीशेजारी. धडधाकटांत बारा नंबर ती स्वतः. भावाचा अबोला नेमका कुठल्या वाटेवर बसलाय, एवढंच तिला बघायचं होतं.

तिसरं मिनिट.
इतकी सरळ, की शहाण्यांनी लाजावं. त्यासाठी तीन महिने तालीम झाली होती. पलंगावर आडवं करायचं, कानाशी यंत्राचा खडखडाट लावायचा.
"मी 'झालं' म्हणेपर्यंत मान हलवायची नाही. कळलं का रे?"
पहिल्या दिवशी त्याने मान हलवली. ताई हसून बेजार.

चौथं मिनिट.
(नंतर.)

पाचवं मिनिट.
"मॅडम, एकतीसची मान हललीय," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "बाद ना?"
"अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेली की बाद. नियम माझाच आहे."
"परत घेऊ की."
"तो परत आत जायचा नाही."
"मग तेवढं मिनिट कापा. कोण बघतंय?"
याच कारणाने तिने नऊ जण बाद केले होते. त्यांनाही कुणी ताई असेलच. तिने एकतीसवर काट मारली.

सहावं, सातवं.
सरळ. आता काय उपयोग!

आठवं मिनिट.
घरी तो भिंतीकडे तोंड करून बसलेला.
"जेवलास?"
मान हलली नाही. स्कॅनला तीन आठवडे झाले, तेव्हापासून एकदाही नाही. आजार वाढला, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ताईने गोळ्या बदलून आणल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर ती आताशा एकटीच बोलायची, एकटीच उत्तर द्यायची.

चौथं मिनिट.
काचेपलीकडून तिनेच माईकवर विचारलं होतं, "झोपला नाहीस ना रे?" सवयीने. त्याने मान हलवली. रेषा उसळली. "अरे, हलू नकोस!" ती ओरडली होती. स्कॅन संपल्यावर ती पडद्याला चिकटून राहिली, त्याला बाहेर काढलं ते टेक्निशियन बाईंनी: "चला, उठा."
'झालं' कुणी म्हणालंच नव्हतं.

ताईने त्याला आपल्याकडे वळवलं आणि ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.
"झालं रे. कधीच झालं. मीच सांगायची राहिले."
मग मान हलली. एकदाच, जेमतेम.
तो पुन्हा भिंतीकडे वळला. ती तिथेच बसून राहिली, पुढचा प्रश्न काय विचारावा ते न सुचून.